दहा मिनिटांत वाडा

15 ऑगस्ट 1990 रोजी जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं. 2018 मध्ये त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं आणि बघता बघता पस्तिशीही उलटली. जुन्या युवक महोत्सवांच्या आठवणी निघाल्या, की अभिनयाची पदकं मोजली जातात, दिग्दर्शकांची नावं घेतली जातात. सेट ठोकणारी पोरं कुणाला आठवत नाहीत.

हे विस्मरण जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या पट्ट्यात व्हावं, याचं विशेष वाटतं. शेजारच्या फैजपुरात डिसेंबर 1936 मध्ये पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. तिथलं टिळकनगर सजवायला शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले होते. बांबू आणि गावात मिळेल ते सामान एवढ्यावर त्यांनी काम भागवलं. खान्देशातलं एवढं गाजलेलं नेपथ्य दुसरं सापडायचं नाही, आणि त्यात नाटक नव्हतं!

मधली वर्षं भराभर ओलांडलेली बरी. 1961 मध्ये फैजपुरात धनाजी नाना महाविद्यालय निघालं. परिसरातली कॉलेजं तेव्हा पुणे विद्यापीठाखाली. पुण्यात 1963 पासून पुरुषोत्तम करंडक गाजू लागला, पण इकडच्या पोरांना तो बातमीतच भेटायचा. गॅदरिंगला भाड्याचे रंगवलेले पडदे यायचे: महाल, जंगल, रस्ता. एकाच जंगलापुढे ऐतिहासिकही व्हायचं आणि विनोदीही.

खरी धमाल नव्वदच्या दशकातली. विद्यापीठ हाताशी आलं, महोत्सव जवळ आले आणि नाटकाच्या प्रत्येक संघात एक नेपथ्यवाला तयार झाला. त्याला संवाद नसायचे. जबाबदारी मात्र सगळ्यात मोठी. भारतीय विद्यापीठ संघाच्या महोत्सवात एकांकिकेला तीस मिनिटं, सेट लावायला-काढायला दहा. त्या दहा मिनिटांत सागवानी दाराचा वाडा उभा करायचा कसा?

उत्तर बिजागरीत होतं. दोन-एक इंची पट्ट्यांची चौकट, कोपऱ्यांवर प्लायचे त्रिकोण, वर ताणून ठोकलेलं बारदान किंवा मांजरपाट. त्यावर खडूची भुकटी आणि सरस यांचा हात फिरला, की कापड वाळताना ढोलासारखं ताठ व्हायचं, मग रंग. दोन फ्लॅट बिजागरीनं जोडायचे, पण तिची पिन काढून जागी लांब खिळा घालायचा. खिळा उपसला की भिंत सुटी. प्रत्येक फ्लॅटच्या पाठीवर खडूनं नंबर. मागून टेका आणि टेक्यावर वाळूचं पोतं, नाहीतर नायकानं दार आपटलं की अख्खा वाडा हलायचा. कॉलेजच्या व्हरांड्यात सुतळीनं रंगमंच आखून, घड्याळ लावून तालमी चालत. त्यांत एकही संवाद नसे, नुसतं "भो, चार नंबर आण" आणि "दाब, दाब!"

सामान शेतातून यायचं. केळीच्या घडाला टेकू देणारे बांबू चार दिवस मागून आणायचे, बारदान अडतीवरून. मालक कटकट करायचा, मग प्रयोगाला पहिल्या रांगेत बसायचा.

या पोरांच्या मेहनतीवर पाणी ओतलं ते परीक्षकांनी. सेट भरगच्च असला, की 'अवजड नेपथ्य' हा शेरा ठरलेला. चार ठोकळे आणि काळा पडदा असला, की 'सूचक'. सूचकतेला विरोध नाही. 1972 च्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये माणसांचीच भिंत उभी राहिली, आणि ती मराठी रंगभूमीवरच्या उत्तम भिंतींपैकी एक आहे. पण त्या भिंतीमागे महिन्यांच्या तालमी होत्या. पुढच्या पिढीनं त्यातला पडदा तेवढा उचलला आणि मेहनत तिथेच ठेवली. 'आंधळ्यांची शाळा'नं 1933 मध्ये रंगवलेल्या पडद्यांना रजा देऊन खरी खोली मंचावर आणली, तेव्हा तो रंगभूमीचा नवा काळ ठरला. तीच खोली बारदानात करणारी पोरं मात्र जुनाट ठरली.

आता काळा पडदाही मागे पडतोय. गॅदरिंगला भाड्याचा एलईडी पडदा येतो. त्यावर वाडाही दिसतो, पाऊसही आणि लंडनही. भाड्याच्या जंगलापासून निघालेली गाडी फिरून भाड्याच्या जंगलावरच आली, फक्त हे जंगल हलतं. त्यातल्या दारातून कुणाला आत येता येत नाही, म्हणून पात्रं विंगेतून येतात आणि नसलेल्या कडीशी हात हलवतात. हातोडी धरलेला पोरगा संघात उरलाच, तर तो लॅपटॉपची केबल धरून बसतो.

महोत्सवाच्या ललित कला विभागात हल्ली इन्स्टॉलेशनची स्पर्धा असते. सुतळी, बांबू, पुठ्ठा, टाकाऊ सामान, सगळं तिथे चालतं आणि करणाऱ्यांना स्वतःच्या नावानं बक्षीसही मिळतं. हाताला काम हवं असलेली पोरं तिकडे वळली, तर त्यांना दोष कसा द्यायचा? नाटकवाल्यांना मात्र वाडा लागला, की ते आधी एलईडीवाल्याचा नंबर शोधतात.