जर्मनीतील बंबांचा बाजार आणि आमच्या गल्ल्या

जर्मनीतील हॅनोव्हर शहरात 'इंटरशुट्झ' नावाचे प्रदर्शन भरते. आगीचे बंब, शिड्या, पंप, होज पाइप, जवानांचे पोशाख या सर्वांचा हा जगातील सर्वांत मोठा बाजार समजला जातो. २०२० साली ते भरायचे होते, परंतु कोरोनामुळे दोनदा पुढे गेले आणि अखेर २० ते २५ जून २०२२ या काळात भरले. नेमक्या त्याच आठवड्यात फ्रँकफर्टला टेकटेक्स्टिल व हाइमटेक्स्टिल ही कापड व्यवसायाची प्रदर्शने होती व आम्ही त्यासाठी गेलो होतो. फ्रँकफर्टहून हॅनोव्हर वेगवान रेल्वेने सव्वादोन-अडीच तासांवर आहे. एक दिवस काढून आम्ही बंब पाहून आलो. सोबतच्या व्यापारी मंडळींनी चेष्टा केली की कापडवाल्याला बंबाशी काय देणेघेणे? आमचे म्हणणे असे की ज्याच्या गोदामात कापूस, सूत आणि पॉलिएस्टर भरलेले आहे त्याने बंब पाहायचा नाही, तर कोणी पाहायचा?

त्या दिवशीची टिपणवही कपाटात पडून होती. १८ मे २०२५ रोजी पहाटे सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली. कारखानदार, त्यांचे कुटुंबीय व कामगार मिळून ८ जण मरण पावले. त्यात एक तान्हे मूलही होते. अल्लाह त्यांची मगफिरत करो. त्या बातमीनंतर आम्ही ती वही पुन्हा उघडली आणि हा लेख लिहायला घेतला.

हॅनोव्हरचे मैदान एवढे मोठे की एका दिवसात निम्मेही पाहून होत नाही. मोठमोठ्या हॉलमध्ये बंब रांगेने उभे, बाहेर उघड्यावर शिड्या आकाशात ताणलेल्या. गर्दी पाहून आम्हाला नवल वाटले. कापडाच्या प्रदर्शनात खरेदीदार सुटाबुटात असतो. येथे गावोगावचे तरुण टोळीने आलेले. चौकशी केल्यावर समजले की जर्मनीत आग विझवणारे बहुतेक लोक पगारी नसून स्वयंसेवक आहेत आणि त्यांची संख्या सुमारे १० लाख आहे. कोणी सुतार, कोणी शेतकरी, कोणी बँकेतील कारकून. गावाची नगरपालिका बंब घेते, पण कोणता घ्यावा हे सांगायला ही मंडळी स्वतः येतात, कप्पे उघडून पाहतात, पाइपची गुंडाळी हातात घेऊन वजन करतात. जो माल वापरतो तोच माल पारखतो. आमच्याकडे निविदा निघते, साहेब सही करतात आणि ज्याला आगीत शिरायचे आहे त्याला गाडी आल्यावरच कळते की ती कशी आहे.

बंबांची नावे आम्हाला सुताच्या काउंटसारखी वाटली. चाळीसचे सूत, साठचे सूत म्हटले की विणकराला सर्व समजते. तसेच जर्मन बंबाचे नाव 'एलएफ १०' असेल तर त्याचा पंप मिनिटाला १००० लिटर पाणी फेकतो व 'एचएलएफ २०' असेल तर २००० लिटर. गाडीत नऊ माणसे बसतात, एक नायक व आठ जवान. आता गंमत पाहा. एचएलएफ २० मध्ये पाण्याची टाकी किमान १६०० लिटरची असते. पंप पूर्ण ताकदीने चालवला तर टाकी एका मिनिटाच्या आत रिकामी! मग एवढ्या महागड्या गाडीचा उपयोग काय? असे आम्ही स्टॉलवरील गृहस्थाला विचारले. तो हसला व म्हणाला, गाडी पाणी आणत नाही, पाणी रस्त्यात असते.

हे उत्तर आम्हाला संध्याकाळी शहरात फिरताना उमजले. तेथे भिंतींवर, खांबांवर लाल कडेच्या लहान पांढऱ्या पाट्या आहेत. त्यावर जमिनीखालील नळाचा व्यास आणि तेथून किती मीटरवर हायड्रंटचे झाकण आहे ते लिहिलेले असते. परक्या गावचा बंब आला तरी अंधारात झाकण सापडते. आमच्याकडे किती शहरांत हायड्रंट चालू आहेत हे ज्याने त्याने आपापल्या मोहल्ल्यात पाहावे. बंब येतो, टाकी संपते, तो पाणी भरायला जातो आणि टँकर येईपर्यंत आग माळ्यावरून माळ्यावर चढते.

नव्या गाड्यांत सर्वांत जास्त गर्दी विजेवर चालणाऱ्या बंबाभोवती होती. ऑस्ट्रियाच्या रोझनबाउअर कंपनीचा 'आरटी' बंब बॅटरीवर धावतो आणि राखीव म्हणून डिझेल इंजिनही बाळगतो. बर्लिनच्या अग्निशमन दलाने तो आधीच चाचणीला घेतला होता. आवाज नाही, धूर नाही, चाके मागची सुद्धा वळतात. आमचे लक्ष मात्र एकाच आकड्यावर गेले. त्याची रुंदी २.३५ मीटर आहे, तर नेहमीचा बंब अडीच मीटरचा. युरोपातसुद्धा पंधरा सेंटिमीटर वाचवण्यासाठी कारखाने डोके लढवत आहेत, कारण जुन्या शहरांच्या गल्ल्या तेथेही अरुंदच आहेत. उल्म गावच्या मागिरुस कंपनीच्या शिड्याही पाहिल्या. हिचा मूळ पुरुष कॉनराड डीट्रिख मागिरुस याने एकोणिसाव्या शतकात शिड्या बनवायला सुरुवात केली. तेथील नेहमीची शिडी २३ मीटर उंच जाते व तिचे टोक कोपरासारखे वाकते. परंतु जॅक पूर्ण पसरल्यावर तिला साडेचार-पाच मीटर जागा लागते. आमच्या बाजारात तेवढ्या जागेत दोन दुकाने आणि एक चहाची टपरी बसते.

खरा आनंद आम्हाला होज पाइपच्या स्टॉलवर झाला. वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसेल की बंबाचा पाइप हे मुळात विणलेले कापड आहे. गोल मागावर तो विणतात. ताण्याचे धागे लांबीला उभे आणि शटल गोल गोल फिरत बाणा भरत जाते. शिवण कोठेच नाही. धागा मजबूत पॉलिएस्टर फिलामेंटचा, आत रबराचे अस्तर. पूर्वी हे पाइप जवसाच्या तागाचे, म्हणजे लिननचे असत व त्यांना अस्तर नसे. पाणी लागताच धागा फुगायचा आणि विणीची छिद्रे आपोआप बंद व्हायची. किती साधी अक्कल! पण वापरल्यावर ते वाळवावे लागत, म्हणून जर्मनीच्या जुन्या अग्निशमन केंद्रांना उंच मनोरे दिसतात, त्यात पाइप टांगत. ज्या बिरादरीने पिढ्यान्‌पिढ्या शटल चालवले, ज्यांचे साधे माग आज भंगाराच्या भावाने जात आहेत, त्यांच्या मुलांनी हा गोल माग एकदा तरी पाहावा. आपल्या देशात या पाइपला आयएस ६३६ हे मानक आहे, नेहमीचा व्यास ६३ मिलिमीटर. अनेक कारखान्यांना, उंच इमारतींना तो घ्यावाच लागतो. ग्रे कापडात मीटरमागे पैशांवर भांडणाऱ्यांनी या मालाचा भाव विचारून पाहावा.

पोशाखाचेही तसेच. जवानाचा कोट तीन थरांचा असतो. बाहेर अॅरामिड, मध्ये पाणी अडवणारा पातळ पडदा, आत उष्णता रोखणारे अस्तर. अॅरामिडपैकी नोमेक्स हा तंतू अमेरिकेच्या ड्यूपाँ कंपनीने १९६० च्या दशकात बाजारात आणला. तो आगीत वितळत नाही, जळून कोळशासारखा घट्ट होतो. याउलट आपले पॉलिएस्टर सुमारे २६० अंशाला वितळते आणि कातडीला चिकटते. (लूमवर काम करणारी मुले स्वस्त म्हणून पॉलिएस्टरचीच बनियन घालतात, हे येथे नमूद करतो.) अॅरामिडचे सूत बहुतांश परदेशातून येते. मात्र विणाई, जोडाई आणि शिलाई येथे होऊ शकते. केंद्र सरकारने २०२० साली तांत्रिक वस्त्रांसाठी १४८० कोटी रुपयांची मोहीम मंजूर केली आणि २०२१ साली कृत्रिम धाग्याचे कापड व तांत्रिक वस्त्रे यांसाठी १०,६८३ कोटींची प्रोत्साहन योजना आणली. या रकमांतून यंत्रमागाच्या गावांत काय आले, याचा हिशेब आमच्या संघटनांनी मागायला हवा होता. पण संघटना वीजबिलाच्या सवलतीपुढे जात नाहीत.

व्यापाराची गोष्ट झाली. आता गल्लीची.

कापसाचे व आगीचे वैर मुंबईला नवीन नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाला आग लागली, त्यात कापसाच्या गाठी आणि सुमारे १४०० टन स्फोटके एकत्र भरलेली होती. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले, म्हणूनच १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीत, कपडा बाजाराच्या शेजारी, जुनी इमारत पेटली व कोसळली. दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी आपल्या प्राणांना मुकले. मुंबईसारखे अनुभवी दल, इमारतींची दाटी आणि लाकडी जिने! तेथे ही गत, तर लहान गावांचे काय?

आमच्या कारखान्यांत आग कशी लागते हे सर्वांना माहीत आहे. कापसाचे तंतू उडून छताला, वायरींवर, स्विचवर साचतात. खाली तेल सांडलेले. वायर जोडावर जोड देऊन चालवलेली. पोटमाळ्यावर तागे आणि त्याच तागांच्या आडोशाला रात्रीचे कामगार झोपलेले, बाहेरून शटर बंद. हदीसमध्ये झोपण्यापूर्वी दिवे विझवण्याची ताकीद आहे. चौदाशे वर्षांपूर्वी तेलाचा दिवा होता, आज मेन स्विच आहे, एवढाच फरक.

कायदा आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार मालकाने वा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैमध्ये, परवानाधारक एजन्सीकडून 'फॉर्म बी' घेऊन सादर करायचा असतो. आमच्या माहितीतील एका गोदामात एजन्सीचा माणूस जिना न चढताच कागद देऊन गेला, वर सिलिंडर रिकामे होते. कागद फाईलला लागला. पैसे वाचल्याचे समाधान मालकाला, वेळ वाचल्याचे त्या माणसाला. विम्याचेही असेच. लहान उद्योगांसाठी एप्रिल २०२१ पासून ५ कोटींपर्यंतची 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसी आहे. विमा जायज की नाजायज हे उलमांना विचारावे, आम्ही त्यात पडत नाही. परंतु ज्यांनी तो घेतला आहे त्यांनी माल कमी दाखवून हप्ता वाचवू नये, नुकसान झाल्यावर कंपनी तेवढ्याच हिशेबाने कापून देते.

हॅनोव्हरला मोठ्या गाड्यांच्या मागे एका कोपऱ्यात एक लहान वस्तू होती, तिच्याजवळ आम्ही सर्वांत जास्त वेळ उभे राहिलो. चार माणसे उचलून नेतील असा पंप. स्वतःचे इंजिन, मिनिटाला १००० लिटर पाणी. त्याला रस्ता लागत नाही, चार खांदे लागतात. जर्मनीच्या खेड्यांत तलाव, ओढा, विहीर, जेथे पाणी असेल तेथे तो नेऊन ठेवतात. असे पंप भारतातही बनतात व मिळतात.

पाणी कोठून आणायचे? तर आमच्या मोहल्ल्यांत मशिदींचे हौज आहेत. दह-दर-दह हौज म्हणजे दहा हात लांब, दहा हात रुंद, ढोबळमानाने १५ बाय १५ फूट. तीन फूट पाणी धरले तर ६७५ घनफूट, म्हणजे सुमारे १९ हजार लिटर. एचएलएफ २० च्या टाकीच्या जवळजवळ बारा पट पाणी, तेही गल्लीच्या मधोमध आणि बारा महिने भरलेले. वर सांगितलेला पंप त्यावर १९ मिनिटे पूर्ण ताकदीने चालेल.

आमच्या बाजारातील काही व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून असा एक पंप व ६३ मिलिमीटरचे पाइप घेण्याचे ठरवले आहे. गल्ल्यांची रुंदी कापड मोजायच्या फितीने मोजून झाली, सर्वांत अरुंद जागा दोन मीटर दहा सेंटिमीटर भरली. तेथे टेम्पो उभा राहतो तो भाग वेगळाच. दोन मशिदींच्या मुतवल्लींशी बोलणे झाले आहे. एकाने लगेच होकार दिला. दुसऱ्याने विचारले की पंप ठेवायचा कोठे आणि रात्री चावी कोणाकडे राहील. प्रश्न रास्त आहे. चावी मुअज्जिनसाहेबांकडे राहावी असे आम्ही सुचवले आहे, कारण पहाटे सर्वांत आधी तेच उठलेले असतात.