चौक, उतार आणि अतिथी

उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळ्याची व अजिंठ्याची डोंगररांग आणि या दोहोंमधून पश्चिमेकडे वाहत जाणारी तापी, अशी खानदेशची ठेवण असल्यामुळे, मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडचा पारा 45 अंशांच्या पुढे सरकला की येथील माणसाची नजर साहजिकच डोंगराकडे वळते. अलीकडे डोंगराच्या पायथ्याची गावे शोधत येणारा पाहुणा वाढला आहे आणि त्याच्यासाठी मुक्कामाच्या इमारतीही उभ्या राहू लागल्या आहेत. त्यांतील काही पत्र्याच्या व काचेच्या असल्याने दुपारी भट्टीसारख्या तापतात, तर काहींत जुन्या वाड्याची हौस म्हणून मधोमध एक चौक सोडलेला असतो, जो उन्हाळ्यात पोळतो, पावसाळ्यात तुंबतो आणि हिवाळ्यात दिवसभर सावलीत गारठून जातो. असे होण्याचे कारण एवढेच, की चौक हा शोभेचा भाग समजून सर्वांच्या शेवटी आखला जातो. वस्तुतः डोंगरउतारावरच्या चौकाच्या अतिथिगृहात तोच आधी ठरला पाहिजे, आणि तो ठरवण्याचा अधिकार सूर्य, पाऊस व जमिनीचा उतार या तिघांकडे असला पाहिजे.

मध्ये सामाईक जागा आणि तिच्या भोवती राहण्याच्या खोल्या, ही रचना या डोंगरांना नवी नाही. अजिंठ्याचे 12 क्रमांकाचे लेणे हा तेथील सर्वांत जुन्या विहारांपैकी एक असून त्यातील चौरस दालनाच्या तीन बाजूंना 12 खोल्या आहेत आणि खोलीखोलीत पाषाणाचे दोन ओटे निजण्यासाठी कोरलेले आहेत. चाळीसगावच्या दक्षिणेस, डोंगराच्या कुशीत असलेल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांना पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या कुळाने दान दिल्याचा उल्लेख तेथील लेखात आहे. तेथेच प्रवेशद्वाराजवळ पंचफणी नाग कोरून, डोंगरातून पाझरणारे पाणी त्याच्या फण्यांवाटे बाहेर पडावे अशी योजनाही शिल्पकारांनी केली होती. डोंगरात घर करावयाचे तर पाण्याला आधी वाट द्यावी लागते, हे त्या कारागिरांना दोन हजार वर्षांपूर्वी पुरते उमगले होते.

याच परिसरातील पाटण येथे शके 1128 चा एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचा नातू आणि यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला व निकुंभ वंशातील सोइदेव याने त्यास दान दिले, असा त्याचा आशय. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत असून, गावच्या व्यवहारातून मठास काय काय पोहोचवावे, अगदी तेलाच्या घाण्यामागे पळी पळी तेल किती द्यावे, याचीही तरतूद त्यात केलेली आढळते. परस्थांच्या निवासाची ही संस्था गावाच्या बाजाराशी अशी बांधलेली होती, ही गोष्ट आजच्या अतिथिगृहाच्या योजकाने विसरू नये.

पुढे मोगल अमदानीत बऱ्हाणपूर-औरंगाबाद मार्गावर, अजिंठ्याच्या घाटाच्या पायथ्याशी फर्दापूरला सराई झाली. मजबूत तटबंदी, एकच मोठा दरवाजा आणि आत मुसाफरांच्या खोल्या असा सरायांचा सर्वसाधारण नमुना असे, कारण रात्री दरवाजा लागला की माणूस, जनावर व माल या तिहींचा बंदोबस्त आपोआप होई. इंग्रजी अमलातील डाक बंगल्याने मात्र ही दृष्टी उलटी केली आणि मधला चौक काढून टाकून चारी बाजूंना व्हरांडा फिरवला. वाडा आत पाहतो, बंगला बाहेर पाहतो; आजच्या पाहुण्याला चौकाचा निवांतपणाही हवा असतो आणि दरीचा देखावाही. ही दुहेरी मागणी सपाट जमिनीवर भागवणे कठीण, परंतु उतारावर ती सहज भागते, आणि कशी भागते ते पाहण्यासाठी थोडे गणित मांडावे लागते.

ज्यांच्या लीलावतीत छायाव्यवहाराचे स्वतंत्र प्रकरण आहे, त्या भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन जेथे चाले, त्या पाटणच्या परिसरातच हे गणित करणे उचित होय. हे ठिकाण सुमारे 20 अंश 20 कला उत्तर अक्षांशावर असल्याने डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य तेथे क्षितिजापासून सुमारे 46 अंशच वर येतो, आणि चौकाच्या दक्षिणेकडील दहा फूट उंच बाजूची सावली साडेनऊ फूट लांब पडते. याउलट मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य नेमका डोक्यावर असतो, तेव्हा भिंतीची सावली भिंतीच्या पायाशीच संपते आणि चौक कितीही अरुंद केला तरी भर दुपारी त्यात ऊन उतरतेच. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. चौक दक्षिणोत्तर वीस फुटांहून कमी ठेवला तर हिवाळ्यात बसण्यापुरते ऊन मिळणार नाही. आणि उन्हाळ्यासाठी चौकाच्या आकारावर विसंबून चालणार नाही, तर चौकाच्या कडेने सहा-सात फूट खोल ओसरी फिरवावी लागेल व मध्ये एखादा निंब वाढू द्यावा लागेल.

आता यात उतार आला. सातमाळ्याच्या खानदेशी अंगाला जमीन दक्षिणेकडून उत्तरेकडे उतरते. म्हणजे दक्षिणेकडील सोपा चौकापेक्षा वरच्या टप्प्यावर येतो. हा फरक तीन फुटांचा धरला तर दहा फुटांची बाजू तेरा फुटांची होते आणि हिवाळ्यातील सावली साडेबारा फुटांवर जाते. म्हणून तेथे चौक चोवीस-पंचवीस फूट लांब घ्यावा आणि दरीकडील उत्तरेचा सोपा बुटका, एकमजली व दोन्ही अंगांनी उघडा ठेवावा, म्हणजे तेथे बसलेल्या पाहुण्याला दक्षिणेकडून कोवळे ऊन आणि उत्तरेकडून तापीच्या खोऱ्याचा विस्तार, दोन्ही एकाच बैठकीत लाभतात. परंतु हाच नकाशा उचलून रावेर तालुक्यातील पालच्या बाजूस, सातपुड्याच्या दक्षिण उतारावर नेला तर तो फसेल. तेथे दरी दक्षिणेला, दक्षिणेचा सोपा चौकाच्या खालच्या टप्प्यावर, म्हणून सावली जेमतेम सात फुटांची आणि ऊन मात्र मुबलक. तेथे चौक आखूड हवा, आणि देखाव्याच्या मोहाने दक्षिणेस मोठ्या खिडक्या ठेवल्या तर त्यांवर खोल पाखी हवी. समोरासमोर उभ्या असलेल्या या दोन डोंगरांना एकच नकाशा लागू पडत नाही, हे खानदेशात बांधणाऱ्याने प्रथम ध्यानात घ्यावे.

उताराचा दुसरा विषय पाण्याचा. घराच्या वरच्या अंगाला डोंगराचे पाणी अडवून बाजूने काढून देणारा चर खणल्यावाचून पायाला हात घालू नये. पाया मात्र येथे बहुधा मुरमात बसतो, ही उताराची कृपा, कारण खालच्या मैदानातील काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि भिंती फाडते. छपराचे पाणी वाया घालवणे तर शुद्ध उधळेपणा होय. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते, या हिशेबाने 200 चौरस मीटर छप्पर आणि 600 मिलिमीटर पाऊस धरल्यास 1,20,000 लिटर पाणी पडते व पाचवा हिस्सा गळतीचा वगळला तरी 96,000 लिटर हाती राहते. चौकाच्या फरशीखाली पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद व दोन मीटर खोल हौद बांधला तर त्यात 50,000 लिटर पाणी राहते, म्हणजे सोळा पाहुण्यांना दरडोई 100 लिटरप्रमाणे एक महिनाभर पुरते. चौकाचे असे दुहेरी काम असते. वर बैठक आणि खाली साठा.

भिंती व छप्पर यांच्या बाबतीत परंपरेपुढे आदराने पण डोळसपणे उभे राहावे. धाब्याचे घर हा या प्रांताचा जुना प्रकार आहे. तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचन, त्यावर पाला किंवा पऱ्हाट्यांचा थर आणि वर मातीचा जाड थर, ज्यावर दर पावसाळ्याआधी पुन्हा माती चोपावी लागते. जाड भिंती आणि हे जाड छप्पर यांमुळे दुपारची धग आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. तथापि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगावली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या दगडी भिंती फुटून वरचे जड माळवद अंगावर कोसळल्यामुळे. त्या भिंतींचे आतले व बाहेरचे थर एकमेकांत गुंतवणारे लांब दगड नव्हते, कोपरे बांधलेले नव्हते. म्हणून काळ्या दगडाची भिंत जरूर घ्यावी, पण ती चुन्यात किंवा सिमेंटमध्ये रचून, ठरावीक अंतराने आरपार दगड घालून, जोत्यावर व दारखिडक्यांच्या माथ्यावर सळईचा काँक्रीटचा पट्टा सर्व बाजूंनी फिरवून. आणि छप्पर कौलारू किंवा पातळ, उष्णतारोधक थराचे करावे. सातपुड्यातील पावरा व भिल्ल बांधवांची कुडाची, मातीने लिंपलेली घरे वजनाने हलकी असतात. ओसरीच्या आडभिंतींसाठी तो नमुना उत्तम आणि त्याचे कारागीरही गावातच मिळतात.

खोल्यांची मांडणी जुन्या खणांच्या, म्हणजे दोन तुळयांमधील अंतरांच्या, हिशेबाने केली तर लाकूडकाम सोपे जाते. तीन खणांची खोली दोघांना ऐसपैस होते. जुन्या वाड्यात शौचकूप घरापासून दूर असे, आजचा पाहुणा ते खोलीला लागून मागतो. तेव्हा सर्व न्हाणीघरे बाहेरच्या भिंतीला लावून सांडपाणी उताराच्या खालच्या अंगाला न्यावे, आणि तेथे विहीर वा झरा नाही याची आधी खातरजमा करावी. उन्हाळ्यात व पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिमेकडून येत असल्याने स्वयंपाकघर आग्नेयेस ठेवल्यास धूर चौकात शिरत नाही. हे स्वयंपाकघर गॅसच्या ओट्यापुरते आखून भागणार नाही. पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायच्या भरिताच्या वांग्यांना उघडी जागा लागते आणि खापरावर पुरणाचे मांडे टाकणारीला बसून काम करता येईल अशी बुटकी चूल लागते. उन्हाळ्याच्या रात्री बाज टाकून उघड्यावर निजण्याचा खानदेशी परिपाठ आहे, त्यासाठी चौकात आठ-दहा बाजा मावतील एवढी मोकळीक ठेवावी व झगझगीत दिवे टाळावेत.

आता कायद्याचा व कारभाराचा विचार. पाटणचा, म्हणजे पाटणादेवीचा, परिसर गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात मोडतो. देखाव्याच्या लोभाने वनाच्या पोटात शिरण्यापेक्षा पायथ्याच्या गावातील गावठाणात जागा घेणे कायद्याने सुकर आणि नीतीने योग्य. राज्य शासनाने 2020 मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले असून शेतकऱ्याला आपल्या शेतावर पाहुण्यांच्या मोजक्या खोल्या नोंदणी करून चालवता येतात. मात्र ग्रामपंचायतीचा ठराव व तहसील कचेरीतील परवाने मिळाले म्हणजे गाव आपले झाले, असे समजू नये. दूध, धान्य, भाजी, धुणे, वाटाड्या, गवंडी व सुतार ही सगळी कामे गावाकडे राहिली तरच अतिथिगृह गावात रुजते. पाटणच्या मठाला गावाने पोसले, आजच्या अतिथिगृहाने गावाला पोसावे.

शेवटी एक विनंती. डोंगरालगतच्या कित्येक गावांत वडिलोपार्जित चौकाचे वाडे हिस्सेदारांच्या वादात किंवा शहरी वास्तव्यामुळे ओस पडले आहेत, आणि त्यांतील सागाचे खांब, तुळया व कोरीव दारे जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांना विकली जात आहेत. अशा घराचा चौक त्या गावचे ऊन, वारा व उतार ओळखणाऱ्यांनी आखलेला असतो आणि पिढ्यानपिढ्यांच्या वापराने तो पारखलेला असतो. ज्यांच्याकडे असा वाडा आहे त्यांनी तो विकण्यापूर्वी एकदा गावच्या गवंड्याला व एखाद्या जाणत्या स्थापत्यविशारदाला घेऊन पाहावा, भिंतींना पट्टे बांधून व छपराचे ओझे हलके करून तो उभा राहतो का याचा अंदाज घ्यावा, आणि राहत असेल तर पाहुण्यांसाठी नवी इमारत बांधण्याचा बेत रद्द करावा.