इस्रोचा अर्ज आणि भंडारदऱ्याची रेंज

मी विज्ञानाचा माणूस नव्हे. बी.ए. झालो, तोही मराठी घेऊन. आयुष्य कवितेत गेलं. त्यामुळे विज्ञानाच्या शिबिराचा अर्ज कसा भरावा हे मी सांगावं, यात थोडा विनोद आहे हे मलाही कळतं. पण मागच्या वर्षांतला, म्हणजे २०२५च्या मार्चमधला एक अर्ज मी शेजारी बसून भरताना पाहिला आहे. तो काही डोक्यातून जात नाही.

भंडारदऱ्याला माझे एक शिक्षक मित्र आहेत. आश्रमशाळेत विज्ञान शिकवतात. रमजान चालू होता, आणि रोजाचे दोन दिवस थंड हवेत काढावेत म्हणून मी त्यांच्याकडे गेलो होतो. दुपारी ते म्हणाले, "भाई, धरणाकडे येता का? एका पोरीची परीक्षा आहे."

धरणाकडे परीक्षा कसली? तर परीक्षा मोबाइलवर होती, आणि शाळेत रेंज नव्हती.

ही परीक्षा ‘युविका’ची. युवा विज्ञानी कार्यक्रम, त्याचं हे छोटं नाव. आपल्या इस्रोनं तो २०१९ साली सुरू केला. उन्हाळ्याच्या सुट्टीत, मे महिन्यात, नववीतल्या मुलांना सुमारे दोन आठवडे इस्रोच्या केंद्रात नेऊन ठेवायचं. शास्त्रज्ञांची व्याख्यानं, प्रयोगशाळा, हातानं करायचे प्रयोग, आणि श्रीहरिकोट्याचा प्रक्षेपणतळ पाहणं. राहणं, जेवण आणि अभ्यासाचं साहित्य इस्रोचं. नियमात बसणारं येण्या-जाण्याचं भाडंही परत मिळतं. पहिल्या वर्षी प्रत्येक राज्यातून तीन-तीन मुलं घेतली. मग करोनामुळे दोन वर्षं शिबिर झालंच नाही. २०२२ला दीडशेच्या आसपास मुलं होती आणि २०२३पासून साडेतीनशेच्या आसपास. डेहराडून, तिरुवनंतपुरम, श्रीहरिकोटा, बेंगळुरू, अहमदाबाद, हैदराबाद आणि शिलाँग अशी सात केंद्रं. यात महाराष्ट्रातलं एकही नाही, म्हणजे आपल्या मुलाला घरापासून लांब जावंच लागतं. साडेतीनशे जागांसाठी नावं नोंदवणारी मुलं एक लाखाहून जास्त असतात.

जगात ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९५९ साली असाच एक उन्हाळी कार्यक्रम सुरू झाला. त्यात शाळकरी मुलं दुर्बिणीतून लघुग्रह पाहून त्याची कक्षा स्वतः गणितानं काढतात. पुण्याच्या आयुका संस्थेतही शाळेतल्या मुलांना उन्हाळ्यात आठवडाभर शास्त्रज्ञाबरोबर बसवतात. पण ते पुण्यातल्या शाळांसाठी. भंडारदऱ्याच्या पोरीला पुणं आणि कॅलिफोर्निया यांच्यात फार फरक नाही.

आता ही मुलगी. घाटघरच्या रस्त्यावरच्या एका वाडीतली. वडील भातशेती करतात आणि काजव्यांच्या दिवसांत पर्यटकांना तंबू लावून देतात. आठवीला तिला अठ्ठ्याहत्तर टक्के होते. हे टक्केसुद्धा सहजी हाती आले नाहीत. आपल्याकडे आठवीपर्यंत प्रगतिपत्रकावर श्रेणी असते, ‘ब-१’ वगैरे. अर्जाला हवे टक्के. सरांनी कपाटातलं निकालपत्रक काढून गुण जोडले आणि मुख्याध्यापकांची सही-शिक्का घेतला. ज्यांना अर्ज भरायचा आहे त्यांनी हे काम आधी करून ठेवावं. शेवटच्या आठवड्यात मुख्याध्यापक हमखास तालुक्याच्या मीटिंगला गेलेले असतात.

निवड कशी होते ते जरा नीट सांगतो, कारण पालकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथंच आहे. लोकांना वाटतं, ही हुशार मुलांची परीक्षा. तशी ती नाही. शंभरातले पन्नास गुण आठवीच्या टक्क्यांना. मोबाइलवरच्या प्रश्नमंजूषेला फक्त दहा. मागच्या तीन वर्षांत विज्ञान प्रदर्शनात भाग घेतला असेल तर शाळा, जिल्हा की राज्य यावरून दोन, पाच किंवा दहा. ऑलिंपियाड किंवा तशा स्पर्धेत पहिल्या तिघांत आलं तर दोन, चार किंवा पाच. खेळात नंबर असेल तर तसेच दोन, चार किंवा पाच. स्काउट-गाइड, एनसीसी यांत असेल तर पाच. आणि शाळा ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल तर पंधरा.

हे पंधरा गुण माझ्या दृष्टीनं या सगळ्या योजनेतली मोलाची गोष्ट. हिशेब करून पाहा. शहरातल्या मुलाला पंचाण्णव टक्के असतील तर त्याचे साडेसत्तेचाळीस झाले. प्रश्नमंजूषेत नऊ, जिल्हा प्रदर्शनाचे पाच, एकूण साडेएकसष्ट. आमच्या मुलीचे टक्क्यांचे एकोणचाळीस, प्रश्नमंजूषेत समजा सहा, शाळेच्या प्रदर्शनाचे दोन, खो-खोत जिल्ह्याला नंबर म्हणून चार, आणि गावाचे पंधरा. सहासष्ट! सरांनी हा हिशेब वहीच्या मागच्या पानावर मांडला होता आणि मुलगी ते पान पुन्हा पुन्हा उघडून बघत होती.

पण त्यात एक मेख आहे. नियम शाळेची हद्द बघतो, शाळेची फी बघत नाही. शहराबाहेर हायवेला लागून मोठमोठ्या निवासी शाळा उभ्या आहेत, घोड्यावर बसायला शिकवणाऱ्या. त्यांची जमीन कुठल्यातरी ग्रामपंचायतीतच असते. नियमाप्रमाणे तेही पंधरा गुण घेऊ शकतात. यात कुणी चोरी करत नाही, नियमच तसा आहे. तरी मला ते बोचतं. दुसरी गंमत म्हणजे आपल्याकडे विज्ञान प्रदर्शनाला तालुका पातळी असते. या पोरीकडे तालुक्याचं प्रमाणपत्र होतं. पण गुणांच्या पायऱ्या शाळा, जिल्हा, राज्य अशा. तालुक्याला पायरीच नाही! सरांनी ते शाळेच्या पायरीवर धरलं. आणि स्काउट-गाइडचे पाच गुण गेलेच, कारण शाळेत पथक नव्हतं. हे पाच गुण पोरीच्या हातात नव्हते, शाळेच्या हातात होते.

तर आम्ही धरणाकडे निघालो. हे विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं, म्हणजे आता शंभरीला आलं आहे. प्रवरेचं पाणी इथं अडतं. भिंतीच्या अलीकडे एका झाडाखाली दगडावर रेंज येते, हे सरांना अनुभवानं ठाऊक होतं. त्या जागेला मुलं ‘टॉवर’ म्हणतात.

अर्जाची रीत अशी होती. आधी नाव नोंदवायचं. मग ईमेल येतो. तो आल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत प्रश्नमंजूषा सोडवायची. सोडवल्यावर किमान साठ मिनिटं थांबून मग बाकीची माहिती भरायची आणि कागदपत्रं चढवायची. शहरात हे वाचायलाही कंटाळवाणं वाटेल. इथं मात्र ईमेल आला तेव्हा सरांचा मोबाइल शाळेत, म्हणजे रेंजबाहेर होता. दुसऱ्या दिवशी बाजाराला गेल्यावर तो दिसला. अठ्ठेचाळीसमधले तीस तास आमच्या नकळत उडून गेले होते. शिवाय मुलीचा स्वतःचा ईमेल नव्हताच, तो नोंदणीच्या दिवशी घाईनं काढला होता. पासवर्ड वहीवर लिहिला होता आणि वही वाडीवर राहिली होती. सरांनी मोटरसायकलवरून ती आणली.

तिनं मोबाइल मांडीवर घेतला. इंग्रजीतले प्रश्न ओठ हलवत वाचत होती. सर पाठ करून उभे राहिले. आपल्या तोंडून उत्तर निसटू नये म्हणून. मी पाण्याकडे बघत बसलो. ते सोडवून झालं तेव्हा साडेपाच वाजले होते. आता साठ मिनिटं थांबायचं.

त्या तासात तिनं मला एक प्रश्न विचारला, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. "चाचा, आमच्याकडं घाटघरला वरचं पाणी खाली कोकणात सोडून वीज करतात. मग रात्री तेच पाणी वीज लावून वर चढवतात. मग उरलं काय?"

मी कवी. मी म्हणालो, माणसाच्या आयुष्याचंही तसंच आहे. ती हसली नाही. तिला उत्तर हवं होतं.

उत्तर सरांनी दिलं. घाटघरचा प्रकल्प २००८ साली सुरू झाला. सव्वाशे-सव्वाशे मेगावॉटचे दोन संच. पाणी वर चढवायला जेवढी वीज लागते तेवढी परत मिळत नाही. साधारण चार युनिट खर्चावे तेव्हा तीन हाती येतात. तोटाच आहे. पण रात्री कारखाने, दुकानं बंद असतात, विजेला गिऱ्हाईक नसतं. संध्याकाळी सगळ्यांना एकदम वीज हवी असते. रात्रीची स्वस्त वीज पाण्याच्या रूपानं डोंगरावर साठवायची आणि महाग वेळी काढायची. पोरगी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे ती बॅटरी आहे." सर माझ्याकडे बघून नुसतं हसले. हा प्रश्न आणि हे उत्तर अर्जात कुठं लिहायचं? त्याला रकाना नव्हता.

मला माझी दहावी आठवली. १९८५च्या सुमारास एका शिष्यवृत्तीच्या परीक्षेचा अर्ज आमच्या शाळेत आला होता. तो कपाटात पडून राहिला आणि तारीख गेल्यावर आम्हाला कळलं. मी पास झालो असतो असं नाही. गणितात माझी बोंबच होती. पण बसलोच नाही, हे राहून गेलं ते राहूनच गेलं.

सूर्य कळसूबाईच्या रांगेमागे उतरायला लागला तसा साठ मिनिटांचा तास संपला. सरांनी प्रमाणपत्रांचे फोटो एकेक चढवायला घेतले. चौथ्या कागदाला रेंज गेली. आम्ही तिघं दगडावर उभे राहिलो, मग दगडावरून खाली उतरलो, मग परत वर. मगरिबची वेळ झाली. मी खजुरानं रोजा सोडला, दोघांनाही एकेक खजूर दिला. सात वाजून काही मिनिटांनी अर्ज पोचल्याचा संदेश आला. पोरीनं पहिल्यांदा श्वास सोडला असं वाटलं.

एप्रिलमध्ये यादी लागली. तिचं नाव नव्हतं.

सरांनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. मी बी.ए.वाला, पटकन म्हणून गेलो, "असू द्या, पुढच्या वर्षी." ते म्हणाले, "भाई, पुढचं वर्ष नसतं. युविका फक्त नववीची." हे मला तोवर उमगलंच नव्हतं. दहावीत गेलेल्या मुलाला हे दार बंद. म्हणून तयारी नववीत करायची नसते, सहावी-सातवीत करायची असते, कारण प्रमाणपत्रं मागच्या तीन वर्षांची चालतात. सहावीपासूनच्या मुलांना ‘इन्स्पायर मानक’मध्ये शाळेमार्फत आपली कल्पना पाठवता येते. निवड झाली तर नमुना करायला दहा हजार रुपये मिळतात आणि पुढं जिल्ह्याचं प्रदर्शन असतं. ज्या जिल्हा पायरीची आम्हाला वाण पडली, तिथं पोचायची ही एक वाट आहे. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा सहावी आणि नववीला असते. तिला मात्र फी आहे. युविकाच्या अर्जाला फी नाही. कुणी ‘भरून देतो, खात्रीनं लावतो’ म्हणून पैसे मागत असेल तर त्याला चहाही पाजू नका. जाहिरात बहुधा फेब्रुवारीच्या अखेरीस येते आणि महिनाभरात मुदत संपते. नियम बदलू शकतात, तेव्हा त्या वर्षीची जाहिरात इस्रोच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा.

मेअखेरीस, शिबिर संपत आलेलं असताना, मी पुन्हा भंडारदऱ्याला गेलो. काजवे सुरू झाले होते. पोरगी वडिलांबरोबर पर्यटकांना भाकरी वाढत होती. मला बघून तिनं मान डोलावली. त्या विषयावर ती बोलली नाही, मीही काढला नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. सरांनी गाइडचं पथक सुरू करण्यासाठी अर्ज दिला आणि मला मोबाइलवर एका कागदाचा फोटो पाठवला. दहावीत गेलेल्या या पोरीनं सातवीच्या मुलींसाठी काय काय जपून ठेवायचं त्याची यादी लिहून वर्गात चिकटवली होती. अक्षर ठसठशीत. पहिली ओळ होती : ‘ईमेल आधी काढा. पासवर्ड दोन ठिकाणी लिहा.’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)