ब्रेक, बीड आणि उष्णता

आज छत्तीसगड राज्यात असलेल्या भिलाई येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्याच वर्षी इंग्लंडमधील जॅग्वार कंपनीने ‘मार्क २’ ही चार दारांची वेगवान सेडान मोटार बाजारात आणली. तिच्या चारही चाकांना तबकडीचे ब्रेक होते. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. परंतु झोतभट्टीतून वाहणाऱ्या लोहरसाचे गुणधर्म ज्याला समजले, त्याला मोटारीचा ब्रेक समजणे कठीण जाऊ नये. कारण ब्रेकचा सारा प्रश्न मुळात लोखंड आणि उष्णता यांचाच आहे.

ब्रेक मोटार थांबवतो, असे आपण सहज म्हणतो. वास्तविक धावत्या मोटारीतील गतिज ऊर्जा नाहीशी होत नाही. घर्षणाने तिचे उष्णतेत रूपांतर होते. १,४०० किलोग्रॅम वस्तुमानाची मोटार ताशी १६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यात सुमारे १४ लक्ष जूल ऊर्जा असते. एवढ्या उष्णतेने ४ लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत तापवता येईल. वेग निम्म्यावर आणला, तर ही ऊर्जा चतुर्थांश होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. उत्तम टायर आणि कोरडा रस्ता असल्यास ही मोटार सुमारे १०० मीटर अंतरात, साडेचार सेकंदांत थांबते. तेवढ्या वेळात ब्रेक सरासरी ४०० अश्वशक्तीचे काम करीत असतात. पुष्कळ मोटारींच्या इंजिनांना एवढी शक्ती नसते!

एकदा थांबण्यासाठी सामान्य मोटारीचे ब्रेकही पुरेसे असतात. ते चाके जखडू शकत असतील, तर त्यांहून मोठे ब्रेक बसवल्याने थांबण्याचे अंतर घटत नाही. ते अंतर टायरची रस्त्यावरील पकड ठरवते. शर्यतीच्या मार्गावर मात्र प्रत्येक फेरीत अनेक वळणांपूर्वी वेग झपाट्याने कमी करावा लागतो. पुढच्या दोन तबकड्या मिळून १६ किलोग्रॅम वजनाच्या असतील आणि एकूण उष्णतेचा ७० टक्के वाटा त्यांच्याकडे जात असेल, तर वर सांगितलेल्या एका थांबण्याने त्यांचे तापमान सुमारे १२५ अंशांनी वाढते. ती उष्णता पुढील वळणापर्यंत हवेत गेली नाही, तर तिच्यावर दुसरी भर पडते, मग तिसरी. म्हणून शर्यतीसाठी ब्रेक सुधारणे म्हणजे उष्णतेची योग्य व्यवस्था लावणे होय.

पूर्वी ढोलाच्या आकाराचे ब्रेक सर्वत्र असत. तापलेला ढोल प्रसरण पावून आतील पट्ट्यांपासून दूर जाई आणि चालकाला पायपट्टी अधिक खोल दाबावी लागे. तबकडी उघड्या हवेत फिरते. तापून ती फुगली, तर दोन्ही बाजूंच्या घर्षणपट्ट्यांकडेच सरकते. १९५३ साली ल मां येथील २४ तासांची शर्यत तबकडीचे ब्रेक असलेल्या जॅग्वार मोटारीने जिंकली, तेव्हा या रचनेचे महत्त्व सर्वांना पटले.

तबकडी कशाची करावी? भिलाईच्या झोतभट्टीतून निघणाऱ्या लोहरसात सुमारे ४ टक्के कार्बन असतो. तो १ टक्क्याहून कमी केला म्हणजे रुळांसाठी लागणारे चिवट पोलाद मिळते. ब्रेकच्या तबकडीसाठी मात्र कार्बन मुद्दाम अधिक ठेवलेले करड्या रंगाचे बीड वापरतात. त्यातील कार्बन ग्रॅफाइटच्या सूक्ष्म पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. हे पापुद्रे उष्णता त्वरेने वाहून नेतात आणि कंपनेही शोषून घेतात. रुळासाठी जो कार्बन काढून टाकावा लागतो, तोच ब्रेकमध्ये उपयोगी पडतो.

सुधारणेचा आरंभ बहुधा ब्रेकमधील द्रवापासून करतात. हा द्रव हवेतील ओलावा शोषतो. ‘डॉट ४’ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. द्रव उकळला की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पायपट्टी तळाशी जाते आणि मोटार थांबत नाही. ताजा द्रव भरणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

त्यानंतर घर्षणपट्ट्या येतात. नेहमीच्या पट्ट्यांतील राळ अतिउष्णतेने विघटित होऊन वायू सोडते व घर्षण घटते. शर्यतीच्या पट्ट्या अधिक तापमान सोसतात, परंतु थंड असताना त्या नीट पकड घेत नाहीत. म्हणून रोजच्या रस्त्यावर त्या धोक्याच्या ठरू शकतात. पुढे तबकडीकडे हवा नेणाऱ्या नळ्या आणि आतून पोकळ, पंख्यासारखी हवा फेकणारी तबकडी यांचा क्रम लागतो. केवळ पुढचे किंवा केवळ मागचे ब्रेक जोरकस केले, तर त्यांचा समतोल बिघडतो. मागची चाके आधी जखडली, तर मोटार गिरकी घेते. शर्यत संपताच मोटार थांबवू नये. एक फेरी संथपणे मारून वाऱ्याने ब्रेक निववावेत.

हे ज्ञान शर्यतवाल्यांपुरते नाही. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना वाहन सुमारे ५०० मीटर खाली येते. १६ टनांचा मालमोटारीचा भार एवढा उतरला, तर सुमारे ८ कोटी जूल ऊर्जा मुक्त होते. म्हणजे आपल्या उदाहरणातील सेडानच्या ५० हून अधिक थांबण्यांइतकी. इंधन वाचवण्यासाठी गिअर काढून उतरणारा चालक ही सारी उष्णता ब्रेकच्या ढोलांवर लादतो. घाटाच्या माथ्यावरच खालचा गिअर टाकणारा चालक तिचा मोठा भाग इंजिनाकडे सोपवतो आणि निकराच्या प्रसंगासाठी ब्रेक थंड राखतो. घाटातल्या रस्त्यावर स्वतःचे आणि इतरांचे प्राण कसे वाचतात, हे या एका कृतीवरून कळते.