वारसा समितीच्या हाती काय असते?

शहरातील जुन्या इमारतींना नियमांचे कवच देणारे देशातील पहिले शहर म्हणजे मुंबई. १९९५च्या वारसा नियमावलीतून मुंबई वारसा संवर्धन समिती उभी राहिली.

सदस्य : वास्तुविशारद, संरचना अभियंता, शहराच्या इतिहासाचे अभ्यासक, पर्यावरणतज्ज्ञ.

काम : वारसा यादीतील वास्तूची दुरुस्ती, बदल, पाडकाम वा पुनर्बांधणीचे प्रस्ताव तपासून महापालिका आयुक्तांना सल्ला देणे, यादीत भर वा दुरुस्ती सुचवणे.

श्रेणी १ : राष्ट्रीय वा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू. उदाहरणार्थ, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. मजबुतीसाठी अपरिहार्य असेल तेवढाच किमान बदल.

श्रेणी २ (अ आणि ब) : प्रादेशिक वा स्थानिक महत्त्व. आतील बदल आणि नवा वापर शक्य, मात्र कडक छाननीनंतर. 'ब' श्रेणीत काही वेळा त्याच भूखंडावर पूरक बांधकामही करता येते.

श्रेणी ३ : नगररचनेच्या दृष्टीने महत्त्वाच्या वास्तू आणि परिसर. आतून-बाहेरून बदल शक्य, पण परिसराचा चेहरामोहरा जपून.

मालकाला भरपाई : वारसा नियमांमुळे बांधकामाचा हक्क बुडाल्यास तो हस्तांतरणीय विकास हक्क म्हणून अन्यत्र वापरता वा विकता येतो.

मर्यादा : समिती सल्लागार आहे, परवानगी आयुक्त देतात. अपवादात्मक प्रसंगी लेखी कारणे नोंदवून ते समितीची शिफारस डावलू शकतात.

आपली इमारत यादीत आहे का, हे हातोडा पडण्याआधी महापालिकेत विचारून घ्या. पाडलेला वारसा परत उभा राहत नाही.