कॉलरच्या आतलं लेबल

जून उजाडला की आमच्या घरात कात्री बाहेर येते. नव्या गणवेशाच्या कॉलरमागचं लेबल उसवायचं, शर्ट अंगात घालण्याआधी चार-पाच वेळा धुऊन मऊ करायचा, मोजे उलटे घालायचे म्हणजे बोटांवरची शिवण टोचत नाही. मुलगा आता पहिलीत आहे. गेल्या वर्षी याच लेबलावरून रोज सकाळी रडारड व्हायची आणि आम्ही त्याला हट्टी ठरवून मोकळे झालो होतो.

तो हट्ट नव्हता. अंगावरच्या कपड्याचा स्पर्श आपण मिनिटभरात विसरतो, कारण मेंदू तो बिनकामाचा म्हणून बाजूला सारतो. काही मुलांच्या बाबतीत हे बाजूला सारणं नीट होत नाही. सकाळी सातला टोचणारं लेबल साडेअकरालाही तेवढंच टोचत राहतं. ए. जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टचं या विषयावरचं पुस्तक १९७२ सालचं आहे. म्हणजे हे 'हल्लीच्या मुलांचं फॅड' नाही.

'संवेदनशील मूल म्हणजे कान झाकणारं, घाबरट मूल' हेही अर्धंच खरं. आपण पंचेंद्रियं म्हणतो. पण तोल सांभाळणारी यंत्रणा आतल्या कानात असते, हातपाय कुठे आहेत आणि किती जोर लावायचा हे स्नायू-सांधे सांगतात, आणि भूक, शू, तहान यांची जाणीव आतून येते. यातली एखादी जाणीव कमी पोहोचत असेल तर मूल ती शोधत फिरतं: रांगेत पुढच्यावर आदळतं, कॉलर चघळतं, पेन्सिलीचं टोक दर ओळीला मोडतं. शाळेच्या डायरीत त्याची नोंद 'मस्ती करतो' अशी होते. आमच्या मुलात दोन्ही प्रकार आहेत, स्पर्श आणि आवाज नकोसे, जोर मात्र हवाहवासा. बाईंनी त्याला वह्यांचा गठ्ठा स्टाफरूममध्ये नेऊन ठेवायचं काम दिलं, घरी तो कणीक मळतो. अशा जोराच्या कामानंतर तो बराच वेळ एका जागी बसतो.

सगळ्यात जास्त दुखावणारा गैरसमज आईच्या वाट्याला येतो. 'शाळेत तर शहाण्यासारखा वागतो. घरीच रडतो म्हणजे तुम्ही लाडावलाय.' शाळेत तो चार तास स्वतःला आवरून बसलेला असतो. बाकांचे आवाज, डब्यांचे वास, ट्यूबलाइटचा झगझगाट सोसून घरी येतो, आणि दप्तर टेकवल्या टेकवल्या बांध फुटतो, कारण इथे फुटलेलं चालतं हे त्याला ठाऊक असतं. हट्ट करणारं मूल मधूनमधून आपल्याकडे बघतं, हवं ते मिळालं की थांबतं. हे रडणं खाऊ दिला तरी थांबत नाही. त्या वेळी 'आज काय शिकवलं?' हा प्रश्नसुद्धा जास्तीचा होतो. आम्ही अर्धा तास काहीच विचारत नाही. पंखा, अर्धवट ओढलेला पडदा, चुरमुरे. कुरकुरीत चावायला मिळालं की तो निवतो.

मग गणपती येतात. 'अगं, ढोलासमोर नेऊन उभा कर, भीती मोडेल,' असं सासूबाईंनी मायेनेच सांगितलं. आम्ही केलंही. भीती मोडली नाही, पुढचे आठ दिवस तो रस्त्यावर यायलाच तयार नव्हता. सवय लागते, पण पायरीपायरीने आणि मागे फिरायची मुभा असेल तर. यंदा मिरवणूक आधी गच्चीवरून पाहिली, मग कानांवर आवाज अडवणारे हेडफोन लावून गल्लीच्या तोंडाशी, पाच मिनिटं. हेडफोनने मुलं सोकावतात असंही म्हणतात. दिवसभर लावून ठेवले तर साधे आवाजही नकोसे होऊ शकतात, म्हणून ते ढोल, फटाके, कुकरची शिट्टी एवढ्यापुरतेच. (२०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे शाळेभोवती किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र जाहीर करता येतं, तिथे दिवसा मर्यादा ५० डेसिबल. शाळेच्या स्वतःच्या स्पीकरला हे कोणी कळवलेलं दिसत नाही.)

'म्हणजे ऑटिझमच ना?' असं नाही. २०१३ पासून मानसोपचारतज्ज्ञांच्या निकष-पुस्तकात ऑटिझमच्या निकषांत संवेदनांना कमी-जास्त प्रतिसाद देणं धरलं जातं. पण असा प्रतिसाद देणारं प्रत्येक मूल ऑटिस्टिक नसतं. त्याच पुस्तकात या त्रासाचं 'संवेदी प्रक्रिया विकार' असं स्वतंत्र निदान नाही, आणि आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांतही नाही. ऑटिझम मात्र आहे. त्यामुळे एका भेटीत शिक्का मारून महागडं पॅकेज गळ्यात घालणाऱ्यापासून सावध राहावं. वजनदार जाकिटांसारख्या साधनांचे पुरावे तर फारच तोकडे आहेत. आधी कान आणि डोळे तपासा, मग बालरोगतज्ज्ञ, मग ऑक्युपेशनल थेरपिस्ट. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर लवकर निदान आणि उपचार करणारी केंद्रं आहेत. तिथे ही तपासणी मोफत होते.

डिसेंबरात गॅदरिंग. जरीचा पोशाख, गालांवर रंग, डोळ्यांवर फोकस. यातलं एकही त्याला सोसणारं नव्हतं. 'सगळी मुलं नाचतात' म्हणून आम्हीही नाव देऊन बसलो होतो. तालमीच्या तिसऱ्या दिवशी बाईंनीच फोन केला. शाळेचा पडदा जुना, दोरीने ओढायचा, भलताच जड. शिपाईकाकांबरोबर आणखी एक गडी हवा होता. मुलगा हेडफोन लावून, साध्या मऊ शर्टात, प्रत्येक नाचाआधी आणि नंतर ती दोरी अंगाची धनुकली करून ओढत होता. बारा नाच झाले. घरी येऊन रडला नाही, चुरमुरे मात्र दोन वाट्या खाल्ले.