माइकमागचा माणूस

रेडिओवर बसून लोकांना बेधडक सल्ले देणारा माणूस हा विनोदाला मोठा सोयीचा विषय आहे. त्याचे तोंड दिसत नाही, त्यामुळे त्याची पात्रताही कोणी विचारीत नाही. आपल्याकडे याचे उत्तम उदाहरण म्हणजे मूळच्या नागपूरच्या राजकुमार हिरानी यांचा २००६ सालचा ‘लगे रहो मुन्नाभाई’ हा चित्रपट. त्यातला मुन्ना गुंड आहे. पण रेडिओवरच्या निवेदिकेला तो आपण प्राध्यापक असल्याचे भासवतो. पुढे श्रोते फोन करतात आणि हा गृहस्थ गांधीजींच्या नावाने त्यांना उपाय सांगतो.

एका वृद्धाचे पेन्शन लाचेपायी अडलेले असते. मुन्ना सांगतो, जवळचे सारे त्या कारकुनापुढे ठेवा. म्हातारा अंगावरचे कपडेसुद्धा उतरवू लागतो आणि शरमेने कागदावर सही होते. प्रेक्षक पोट धरून हसतात, आणि त्यांचे डोळेही ओलावतात. पण कामगारांत हिंडणाऱ्या माणसाला पुढचा प्रश्न सुचतोच. त्या एकाचे काम झाले. त्याच्या मागे रांगेत उभे असलेल्यांचे काय? उद्या असाच बोलका माणूस खोटा आळ घेऊ लागला, तर ज्याच्यावर आळ आला त्याने उत्तर कोठे द्यावे?

अमेरिकेत १९४९ पासून एक नियम होता. वादग्रस्त सार्वजनिक प्रश्नावर दुसरी बाजूही ऐकवणे प्रसारकांना बंधनकारक असे. १९८७ साली तो नियम गेला, आणि १९८८ मध्ये रश लिंबॉ या निवेदकाचा एकतर्फी, झोंबरा कार्यक्रम देशभर सुरू झाला. त्याला कोट्यवधी श्रोते मिळाले.

आपल्याकडची गोष्ट उलटी आहे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. २००१ पासून खाजगी एफएम केंद्रे आली. पण त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मोकळीक नव्हती. २०११ च्या धोरणानेही आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवण्यापुरतीच मुभा दिली. मग उरली गाणी आणि थट्टामस्करी. मुंबई आकाशवाणीच्या ‘कामगार सभा’ या कार्यक्रमाने वर्षानुवर्षे सुरेल मराठी गाणी ऐकवली. नाव कामगारांचे, सभा मात्र गाण्यांची!

म्हणजे तेथे एकालाच बोलू दिले आणि येथे वादालाच दार बंद केले. दोन्हीकडे नुकसान ऐकणाऱ्याचेच. जिनिंगच्या फाटकावर सभा भरते, तेव्हा मागे उभी असलेली मजूरबाई पुढाऱ्याला मध्येच थांबवून विचारते, “आमच्या बुडालेल्या हजेरीचं काय?” पुढाऱ्याला तेथल्या तेथे उत्तर द्यावे लागते. रेडिओवर वाद अवश्य व्हावा, विनोदही व्हावा. पण त्या बाईला प्रश्न विचारण्याची आणि आरोप झालेल्याला उत्तर देण्याची सोय असावी. ध्वनिलहरी जर सर्वांच्या, तर माइकही काही काळ समोरच्याच्या हाती गेला पाहिजे.